इसब पुन्हा उफाळू नये म्हणून

जबलपूर शहराच्या मध्यभागी ओमती हा जुना आणि दाट वस्तीचा भाग आहे. त्याच नावाचा नाला या शहरातून वाहतो. जवळच सेठ गोविंददास जिल्हा रुग्णालय आहे. पण लोकांच्या तोंडी त्याचे 'व्हिक्टोरिया' हे जुने नावच अधिक रुळलेले आहे. या शहराला वर्षभरात तीन अगदी वेगळी हवामाने अनुभवावी लागतात. मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि 'लू' या नावाने ओळखले जाणारे तप्त, कोरडे वारे वाहतात. जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत पावसाळा असतो. वर्षभरात पडणाऱ्या सुमारे १३०० मिलिमीटर पावसापैकी बहुतेक पाऊस याच काळात पडतो. जानेवारीत रात्रीचे तापमान कित्येकदा १० अंशांच्या खाली उतरते. निरोगी माणसाची त्वचा हे सर्व बदल फारशी तक्रार न करता सोसते. परंतु ज्याला इसबाचा विकार आहे, त्याच्या त्वचेला प्रत्येक ऋतू नवी परीक्षा घेऊन येतो.

इसब हा प्राणघातक रोग नव्हे, म्हणून त्याकडे बहुधा दुर्लक्ष केले जाते. पण रात्र रात्र खाजवत जागणारे मूल, चिरा पडलेल्या हातांनी भांडी घासणारी गृहिणी, आणि हात उघडे राहिले म्हणून चारचौघांत संकोचणारा तरुण यांच्या लेखी हा विकार क्षुल्लक नसतो. त्याहून दुःखाची गोष्ट अशी की, हा संसर्गजन्य रोग नसतानाही अशा रुग्णांचा टॉवेल, अंथरूण आणि कधी कधी बसण्याची जागादेखील वेगळी केली जाते. इसब स्पर्शाने पसरत नाही, हे या विषयातील पहिले सत्य होय. दुसरे सत्य असे की, इसब अकस्मात उफाळल्यासारखा वाटला, तरी त्याची तयारी बहुधा त्वचा शांत दिसत असतानाच होत असते. म्हणूनच त्याला आवर घालण्याचे काम मुख्यतः त्या शांत दिवसांतील साध्या सवयींनी होते.

त्वचेची भिंत

त्वचा हे शरीरावर पांघरलेले निर्जीव आवरण नव्हे. तिचा सर्वांत वरचा थर, ज्याला शृंगस्तर म्हणतात, तो बहुतेक ठिकाणी एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकाही जाड नसतो. तरीही शरीरातील पाणी आत राखणे आणि बाहेरील जंतू, धूळ व रसायने यांना अटकाव करणे ही दोन्ही कामे तोच करतो. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी असते. चपट्या मृत पेशी या विटा, तर त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये हा चुना होय. हा चुना पुरेसा असेल तोवर भिंत अभेद्य राहते. तो निघून गेला की आतील पाणी उडून जाते, त्वचा कोरडी पडते, आणि पडलेल्या फटींतून बाहेरचे पदार्थ आत शिरतात. शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांना शत्रू समजून दाह निर्माण करते. त्यातून खाज सुटते, खाजवल्याने भिंत आणखी ढासळते, आणि असे हे चक्र फिरत राहते.

काही माणसांत ही भिंत जन्मतःच कमकुवत असते. २००६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी दाखवून दिले की, फिलॅग्रिन नावाचे प्रथिन तयार करणाऱ्या जनुकात दोष असल्यास इसब होण्याचा संभव पुष्कळच वाढतो. हे प्रथिन शृंगस्तराची घडण करते आणि त्यात ओलावा टिकवून ठेवते. अर्थात इसबाच्या प्रत्येक रुग्णात हा दोष आढळतोच असे नाही. पण या शोधामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. इसब म्हणजे 'रक्त बिघडणे' किंवा 'अंगातील उष्णता बाहेर पडणे' नव्हे. त्यात दाहाची प्रवृत्ती तर असतेच, परंतु त्याचबरोबर तो त्वचेच्या भिंतीचा विकारही आहे.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ब्रिटनमध्ये सुमारे १४०० अर्भकांवर एक मोठी चाचणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. वंशागत धोका असलेल्या बालकांच्या अंगाला पहिले वर्षभर रोज स्निग्ध मलम लावूनही इसब होण्याचे प्रमाण घटले नाही. याचा अर्थ असा की, चांगल्या सवयींनी इसबाची मूळ प्रवृत्ती नाहीशी होत नाही. परंतु ज्यांना इसब आहे, त्यांनी नियमितपणे त्वचा स्निग्ध ठेवल्यास तो उफाळण्याच्या वेळा कमी होतात आणि दोन उफाळ्यांमधील काळ लांबतो. प्रवृत्ती घालवणे आपल्या हाती नाही, पण उफाळा टाळणे पुष्कळ अंशी हाती आहे.

आधी रोग ओळखावा

प्रत्येक खाज म्हणजे इसब नव्हे. रात्री खाज फार वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल आणि घरातील इतरांनाही तशीच खाज सुटली असेल, तर ती खरूज असण्याचा संभव मोठा. ती मात्र संसर्गजन्य असते व सर्व घराला एकाच वेळी उपचार करावे लागतात. कडा उठावदार, मधला भाग त्या मानाने स्वच्छ आणि आकार वर्तुळाकार असेल, तर ते बहुधा गजकर्ण असते. मुलांमधील इसब मात्र गालांवर, आणि पुढे कोपरांच्या व गुडघ्यांच्या घडीत दिसतो. त्वचा कोरडी असते, विकार वारंवार परततो, आणि पुष्कळदा घरात कोणाला तरी दमा किंवा सततच्या शिंका यांचा त्रास असतो. हा भेद डॉक्टरांकडून करून घेणे आवश्यक आहे. कारण इसबाला उतार देणारे मलम गजकर्णावर लावले, तर ते दबल्यासारखे वाटून आतल्या आत पसरत जाते.

स्नान आणि साबण

रोजचे स्नान हा आपल्याकडे आरोग्याचाच नव्हे, तर शुचितेचाही भाग आहे. इसब असल्यास स्नान बंद करावे, असा सल्ला पूर्वी कित्येकदा दिला जाई. ब्रिटनमध्ये २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज स्नान करणारे आणि आठवड्यातून एकदोनदाच स्नान करणारे अशा इसबाच्या रुग्णांची तुलना केली असता त्यांच्या लक्षणांत फरक आढळला नाही. तेव्हा प्रश्न स्नान किती वेळा करावे हा नसून ते कसे करावे हा आहे.

पाणी कोमट असावे. मनगटावर घातले असता ते ऊन वाटू नये. कडकडीत पाण्याने क्षणभर खाज शमल्यासारखी वाटते, पण त्वचेतील स्निग्ध द्रव्ये वाहून जातात आणि तासाभरात खाज दुप्पट होऊन परत येते. पाच ते दहा मिनिटे स्नानाला पुरेशी आहेत. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, तर नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो. म्हणून सर्वांगाला फेस काढण्याऐवजी काख, जांघ आणि पाय एवढ्यांनाच साबण लावावा, किंवा साबणाच्या जागी सौम्य, सुगंधरहित द्रव वापरावा. जंतुनाशक द्रवाचे थेंब पाण्यात टाकण्याची सवय पुष्कळ घरांत असते. इसबाच्या त्वचेला ते झोंबतात. वजरी, काथ्याची घासणी, डाळीचे पीठ, मुलतानी माती यांनी अंग घासणेही वर्ज्य समजावे. दिवाळीच्या अभ्यंगाचा मोह आवरत नसेल, तर तेल लावावे. पण उटण्याने अंग रगडू नये.

जबलपूरच्या परिसरात चुनखडीचे खडक आहेत, आणि अशा प्रदेशातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. जड पाण्यात फेस कमी येतो, म्हणून साबण अधिक लावला जातो आणि त्याचा अंश त्वचेवर राहतो. मात्र यासाठी पाणी मृदू करणारे महागडे यंत्र बसवण्याचे कारण नाही. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीत अशा यंत्रांमुळे मुलांच्या इसबात काहीच फरक पडला नाही. साबण कमी वापरणे आणि अंगावर शेवटी भरपूर स्वच्छ पाणी घेणे, हा उपाय पुरेसा आहे.

स्निग्ध लेप: केव्हा, किती, कोणता

स्नानानंतर अंग रगडून पुसू नये. मऊ पंचाने टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, स्निग्ध लेप लावावा. त्यायोगे त्वचेतील पाणी आतच कोंडले जाते. लेप खालच्या दिशेने, केसांच्या रोखाने हलकेच पसरावा. चोळून जिरवू नये, कारण चोळल्याने केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. दिवसातून निदान दोनदा, आणि जेथे इसब सध्या दिसत नाही अशा भागांवरही, तो लावला पाहिजे. लोकांची चूक बहुधा प्रमाणात होते. वैद्यकीय मार्गदर्शनानुसार सर्वांगावर इसब असलेल्या मुलास आठवड्याला २५० ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक लेप लागू शकतो. छोटी डबी महिनाभर पुरवली जात असेल, तर लेप नावापुरताच लावला जात आहे असे समजावे.

इतका लेप लावायचा, तर तो स्वस्त असला पाहिजे. साधी पेट्रोलियम जेली या कामी उत्तम आहे. तिला वास नाही, तिची अ‍ॅलर्जी क्वचितच होते, आणि पाणी रोखण्यात ती कोणत्याही महाग मलमाच्या मागे नाही.

तेलांच्या बाबतीत जबलपूरच्या मराठी घरांत दोन परंपरा एकत्र आलेल्या दिसतात. मराठी घरातील खोबरेल आणि उत्तर भारतातील सरसूचे, म्हणजे मोहरीचे, तेल. बाळाला थंडीच्या उन्हात सरसूच्या तेलाने मालिश करण्याची प्रथा त्या भागात सर्वत्र आहे. परंतु मोहरीच्या तेलातील तिखट द्रव्य त्वचेचा क्षोभ करते, आणि प्रयोगशाळेतील निरीक्षणांत त्याने त्वचेची भिंत सावरण्यास विलंब होतो असे दिसून आले. याउलट फिलिपीन्समध्ये मुलांवर केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शुद्ध खोबरेल खनिज तेलापेक्षा अधिक गुणकारी ठरले. तेव्हा इसब असलेल्या बालकासाठी आजीने सरसूऐवजी खोबरेल निवडावे, हे अधिक हिताचे. ऑलिव्हचे तेल महाग असूनही या कामी अयोग्य आहे. त्याने ही भिंत उलट कमकुवत होते.

एक इशारा येथे द्यावासा वाटतो. स्निग्ध लेप मुरलेले कपडे, पट्ट्या व चादरी ज्योतीच्या संपर्कात आल्यास झपाट्याने पेट घेतात, आणि धुतल्यानंतरही त्यांतील अंश पूर्णपणे जात नाही. म्हणून गॅसची शेगडी, देवापुढील समई, शेकोटी आणि विडी-सिगारेट यांपासून अशा रुग्णाने अंतर ठेवावे.

तीन ऋतू, तीन पथ्ये

हिवाळ्यात हवा कोरडी असते आणि माणसे शेगडी किंवा विजेचा हीटर यांच्याजवळ बसतात. त्यामुळे त्वचेतील उरलासुरला ओलावाही जातो. या दिवसांत लेप अधिक घट्ट असावा व अधिक वेळा लावावा. लोकरीचा स्वेटर थेट अंगावर घालू नये; आत सुती, पूर्ण बाह्यांचा सदरा असावा. रेशमी कपड्यांचा विशेष गुण सांगितला जातो, पण २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीत खास रेशमी वस्त्रांपासून कोणताही अधिक लाभ आढळला नाही. साधे, सैल, वारंवार धुतलेले सुती कापडच पुरेसे आहे.

उन्हाळ्यात घाम हा मुख्य शत्रू ठरतो. घामातील क्षार फुटलेल्या त्वचेला झोंबतात आणि कोपराच्या, मानेच्या व गुडघ्याच्या घडीत खाज सुटते. बाहेरून आल्यावर साध्या पाण्याने घाम धुऊन अंग टिपावे आणि पातळ लेप लावावा. जबलपूर-नागपूरकडे घरोघरी लावला जाणारा पाण्याचा कूलर उष्मा कमी करतो व कोरड्या हवेत ओलावाही आणतो. मात्र त्याच्या जाळ्या हंगामाच्या आरंभी बदलाव्यात आणि टाकीतील पाणी साचू देऊ नये, कारण तेथे बुरशी वाढते. कूलरचा झोत थेट अंगावर घेऊ नये.

पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, आणि दमट कपडे तसेच घातले जातात. त्यामुळे गजकर्ण व जंतुसंसर्ग यांना वाव मिळतो. साबणाची पूड कापडात राहू नये म्हणून कपडे एकदा जास्त खळबळावेत आणि पूर्ण वाळल्यावरच घालावेत. इसबाच्या ठिकाणी पिवळी खपली, पू किंवा ओलसर चिकटपणा दिसला, तर तो संसर्ग समजून डॉक्टरांकडे जावे.

हातांचा इसब

हातांवरील इसब हा बहुधा कामाचा आजार असतो. भांडी, कपडे आणि लादी यांत दिवसातून अनेकदा हात ओले होतात व वाळतात. प्रत्येक वेळी भिंतीचा थोडा चुना निघून जातो. भाजी चिरणाऱ्या गृहिणींत लसणाच्या अ‍ॅलर्जीचे एक खास लक्षण आढळते. ज्या हाताने लसूण धरला जातो, त्या हाताच्या अंगठ्याच्या व पहिल्या दोन बोटांच्या टोकांना चिरा पडतात; सुरी धरणारा हात मात्र चांगला राहतो. असे आढळल्यास कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही.

यावरील उपाय साधे आहेत. ओल्या कामापूर्वी अंगठी काढून ठेवावी, कारण तिच्याखाली साबण साचतो. आत सुती व बाहेर रबरी असे दुहेरी हातमोजे वापरावेत. नुसत्या रबरी मोज्यात घाम साचून त्रास वाढतो. शक्य तर ओले काम एकाच वेळी करण्याऐवजी विभागून घ्यावे, आणि प्रत्येक वेळी हात धुतल्यावर थोडा लेप लावावा. घरातील इतरांनी भांड्यांचा वाटा उचलणे हादेखील उपचाराचाच भाग आहे. हे सांगावे लागते, कारण पुष्कळ घरांत औषध आणले जाते, पण काम वाटून घेतले जात नाही.

१९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना स्थापन झाल्यापासून जबलपूर हे यंत्रकामगारांचे शहर आहे. कोणत्याही यंत्रशाळेत लेथवर काम करणाऱ्याचे हात तेलमिश्रित शीतक द्रवात भिजतात, आणि गवंड्याच्या हातांना सिमेंटमधील क्रोमियमचे क्षार लागतात. काम संपल्यावर ग्रीस काढण्यासाठी घासलेट, वाळू किंवा लाकडाचा भुसा वापरण्याची सवय मूळ द्रव्यापेक्षाही अपायकारक ठरते. हात सौम्य साबणाने धुऊन, कोरडे करून लेप लावावा. टिकलीचा डिंक, कुंकवातील रंग, कृत्रिम दागिन्यांतील निकेल, केसांचा कलप, चपलेचे चामडे व रबर यांमुळेही नेमक्या त्याच जागी इसब उठतो. म्हणून इसबाचा आकार आणि जागा हीच कित्येकदा त्याच्या कारणाची खूण असते.

गाजरगवत

या कारणांत एका वनस्पतीचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. १९५५ मध्ये पुण्यात एका परक्या तणाची नोंद झाली. अमेरिकेतून आयात केलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले असावे असे मानले जाते. गाजराच्या पानांसारखी पाने असल्यामुळे त्याला गाजरगवत म्हणू लागले. काँग्रेस गवत हे त्याचे दुसरे लोकप्रिय नाव. काही दशकांतच ते देशभर पसरले. रेल्वेमार्गालगत, नाल्यांच्या काठी आणि मोकळ्या भूखंडांवर ते पावसाळ्यात कमरेइतके वाढते. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी डॉ. लोणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापासून होणाऱ्या त्वचादाहाची वैद्यकीय वर्णने प्रसिद्ध केली. या गवतातील पार्थेनिन नावाच्या द्रव्यामुळे ही अ‍ॅलर्जी होते. वाळलेल्या झाडाचे सूक्ष्म कण हवेतून येऊन पापण्यांवर, मानेवर आणि कोपर-गुडघ्यांच्या घडीत बसतात; म्हणून झाडाला कधीही हात न लावणाऱ्यालाही त्रास होतो. पूर्वी कधी इसब नसलेल्या प्रौढ माणसाच्या चेहऱ्यावर व मानेवर उन्हाळ्या-पावसाळ्यात तो प्रथमच दिसू लागला, तर या गवताचा संशय घेतला पाहिजे.

ज्या जबलपूरमध्ये हे गवत लोकांना छळते, त्याच शहरात त्याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्थाही आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९८९ मध्ये तेथे तणविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन केले. आज ते तण संशोधन निदेशालय म्हणून ओळखले जाते. त्याच्या पुढाकाराने दरवर्षी ऑगस्टमध्ये देशभर गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. मेक्सिकोतून आणलेला व १९८४ मध्ये भारतात प्रथम सोडलेला एक ठिपकेदार भुंगेरा या गवताची पाने खाऊन फस्त करतो. त्याच्या प्रसाराचे कामही ही संस्था करते.

घराभोवतीचे गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीच मुळासकट उपटावे. पण हे काम ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याने स्वतः करू नये. इतरांनीही हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालूनच करावे आणि नंतर अंग व कपडे धुवावेत. रुग्णाने धुतलेले कपडे अशा मोकळ्या जागेजवळ वाळत घालू नयेत. एका घराने गवत काढून भागत नाही. साऱ्या गल्लीने ते काढले तरच हवा स्वच्छ राहते. इसबाचे हे एक कारण असे आहे की, त्याचा उपाय शेजाऱ्यांच्याही हाती असतो.

खाज, नखे आणि झोप

'खाजवू नकोस' ही आज्ञा निरुपयोगी आहे. खाज इच्छाशक्तीने थांबत नाही. त्याऐवजी नखे दर आठवड्याला कापावीत, लहान मुलांना रात्री सुती हातमोजे घालावेत, खाज सुटलेल्या जागी थंड पाण्याची घडी ठेवावी किंवा तळहाताने हलके दाबावे, आणि लगेच लेप लावावा. झोपण्याची खोली थंड असावी. परीक्षा, कलह, जागरण यांमुळे इसब वाढतो हे खरे. पण म्हणून तो 'मनाचा आजार' ठरत नाही. खाजेने झोप उडते, अपुऱ्या झोपेने मन चिडचिडे होते आणि चिडचिडीने खाज वाढते. हे चक्र तोडायचे तर मुलाला रागावण्यापेक्षा त्याची झोप सांभाळणे अधिक उपयुक्त होय.

पथ्याविषयीचे समज

वांगे, आंबट पदार्थ, दूध, अंडी, मासे असे एकेक वर्ज्य करत शेवटी मुलाच्या ताटात काहीच उरत नाही, असे पुष्कळ घरांत घडते. बहुसंख्य रुग्णांच्या इसबाचा अन्नाशी थेट संबंध नसतो. एखादा पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील किंवा उलट्या होत असतील, तर तपासणी अवश्य करून घ्यावी. परंतु केवळ संशयावरून वाढत्या मुलाचे दूध व अंडी तोडणे म्हणजे एका विकारासाठी कुपोषणाला निमंत्रण देणे होय. बाहेरून औषध लावल्यास इसब 'आत जातो' आणि दमा होतो, हा समजही निराधार आहे. दोन्ही विकार एकाच प्रवृत्तीतून निघतात, म्हणून ते एका व्यक्तीत दिसतात. एक दाबल्याने दुसरा उद्‌भवत नाही.

औषधाचे स्थान

सवयी कितीही चांगल्या असल्या, तरी अधूनमधून इसब उफाळणारच. अशा वेळी स्टेरॉइडचे मलम हे योग्य व प्रभावी औषध आहे; मात्र त्याची शक्ती, जागा आणि मुदत डॉक्टरांनी ठरवली पाहिजे. बोटाच्या शेवटच्या पेऱ्यावर नळीतून काढलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि दोन प्रौढ तळव्यांएवढ्या भागाला पुरते, हे माप सोयीचे आहे. भीतीपोटी फार कमी लावणे आणि हौसेने महिनोन्‌महिने लावत राहणे या दोन्ही चुका आहेत. आपल्याकडे दुसरी चूक फार फोफावली. स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक यांची मिश्रणे औषधाच्या दुकानांतून चिठ्ठीविना विकली जात. चेहऱ्यावर त्यांचा वापर झाल्याने त्वचा पातळ व लाल होण्याचे प्रकार वाढले. त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर २०१८ मध्ये अशा अनेक मलमांची विक्री केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर करण्याचा नियम झाला. तो पाळणे ग्राहकाच्याही हिताचे आहे. इसब वारंवार एकाच जागी उफाळत असेल, तर तो शांत असतानाही आठवड्यातून दोनदा तेथे औषध लावण्याचा सल्ला डॉक्टर देऊ शकतात. ताप येऊन एकाच वेळी अनेक वेदनादायक फोड उठले, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

वर सांगितलेल्या उपायांत महाग असे फार थोडे आहे: कोमट पाणी, कमी साबण, पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल, सुती सदरा, कापलेली नखे आणि स्वच्छ अंगण. अवघड आहे ते सातत्य. खाज सुटली की माणूस धावाधाव करतो. ती थांबली की डबी फळीवर जाते. इसबाशी ज्यांचा दीर्घ सहवास आहे त्यांनी हा क्रम उलटा करावा. त्वचा जेव्हा काहीच मागत नाही, तेव्हाच तिला सर्वांत नियमाने द्यावे.